घशात खारट लागलं का?

दुकान एकच होतं, खुर्च्या दोन होत्या, आणि त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये विस्तव जात नव्हता.

दाराजवळची खुर्ची थोरल्याची, आतली धाकट्याची. वडील गेले तेव्हा थोरल्याला नुकती मिसरूड फुटत होती आणि धाकटा अजून पाटावर उभा राहूनच आरशात दिसायचा. थोरल्यानंच त्याला धंदा शिकवला. फुग्याला फेस लावून त्यावरून वस्तरा फिरवायला द्यायचा, आणि फुगा फुटला की कानाखाली वाजवायचा. धाकटा शिकला. थोरल्यापेक्षा बरा शिकला, असं तरुण गिऱ्हाइकं म्हणत. दाढी मात्र थोरल्याचीच. आपल्या टॉवेलवर रक्ताचा ठिपका पडल्याचं दाखवा, म्हणाल ते हरेन, असं तो छातीवर हात मारून सांगायचा. स्वभावानं मुळातच तिरसट. मान हलवणाऱ्याला म्हणायचा, "स्थिर बसा, नाहीतर कान खिशात घालून घरी न्यावा लागेल." लोक हसायचे, पण स्थिर बसायचे.

दोघांचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की नव्या गिऱ्हाइकांना ते भाऊ आहेत हेसुद्धा ठाऊक नसायचं. बोलायचं झालंच तर गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून. थोरला समोरच्या गालाला फेस फासत म्हणायचा, "काही लोकांना फवारे मारल्याशिवाय केस कापताच येत नाहीत. भांग पाडतात की झाडांना पाणी घालतात, कळत नाही." धाकटा आपल्या पुढ्यातल्या टाळूला सांगायचा, "कुणाला थंडी वाजत असेल तर त्यानं घरी पांघरूण घेऊन बसावं, पंखा बंद होणार नाही." मधल्यामध्ये गिऱ्हाइकाचं मरण. गळ्याशी वस्तरा, त्यामुळे मान डोलवायचीही सोय नाही.

भांडण आईवरून झालं होतं. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा थोरला दुकान सोडून जाऊ शकत नव्हता, म्हणून धाकटा तिला इस्पितळात घेऊन गेला. ऑपरेशन झालं, आणि दोन दिवसांत डोळा पिकला. लाल झाला, सुजला, मग त्यातली नजर गेली ती गेलीच. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली, पण भिंती चाचपडत. दुसऱ्या डोळ्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. थोरल्यानं तेव्हापासून एकच पालुपद धरलं, "आईचा डोळा ह्यानं घालवला." घरात म्हणाला, दुकानात म्हणाला, आईला पोचवायला जमलेल्या लोकांतही म्हणाला. धाकट्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. त्यावरून थोरल्यानं काढायचा तो अर्थ काढला. चूक नसती तर माणूस मूग गिळून बसला असता का?

आता थोरल्याच्याच डोळ्यांवर साय आली होती. आधी त्यानं दुकानातल्या नळीच्या दिव्याला दोष दिला. दिवा बदलला. मग आरशाला दिला, आरसा सोड्यानं घासला. मग तो म्हणू लागला की हल्ली लोकांच्या दाढ्याच विरळ झाल्यात, हाताला लागत नाहीत. दाढी तो आता डोळ्यांनी करतच नव्हता, डाव्या हाताच्या बोटांनी खुंट चाचपून उजव्या हातानं वस्तरा सोडत होता. आणि इतक्या वर्षांचा हात, त्यामुळे खपून जात होतं.

एका सकाळी मोटार शिकवणारा मास्तर त्याच्या खुर्चीत बसला होता. जुनं गिऱ्हाईक, डोळे मिटून घोरायची सवय. थोरल्याचा वस्तरा कानाच्या पाळीखाली गेला आणि जरासा आत गेला. मास्तर "हाय" करून जागा झाला. थोरल्याला वाटलं, स्वप्न पडलं असेल. तो ब्रशानं पुन्हा फेस लावू लागला. फेस गुलाबी होत गेला आणि तो लावतच राहिला.

धाकट्यानं आपली कात्री ठेवली, येऊन थोरल्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला.

"पुरे," तो म्हणाला.

किती वर्षांनी तो थोरल्याशी थेट बोलला होता, आणि तेही हे. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दे इकडे!" पण धाकट्यानं वस्तरा मिटून स्वतःच्या खणात टाकला आणि कुलूप लावलं. मास्तर कानाला टॉवेल दाबून दोघांकडे पाहत होता. टॉवेलवर ठिपका नव्हता, चांगला तळहाताएवढा डाग होता. थोरल्याला तोही दिसला नाही. मास्तरानंच तो त्याच्या नाकासमोर धरला तेव्हा दिसला.

त्या दिवशी तो पुढचं एकही गिऱ्हाईक न घेता खुर्चीत बसून राहिला, स्वतःच गिऱ्हाईक असल्यासारखा.

थोरल्याची बायको वारली होती आणि एकुलती लेक लांबच्या शहरात दिली होती. तिला ही बातमी कुणी कळवली हे उघडच होतं. तिनं फोनवर बापाची हजेरी घेतली. "बाबा, उद्या कुणाचा गळा कापाल! मी डोळ्यांच्या इस्पितळात नाव नोंदवलंय. ऑपरेशनच्या आधी तपासण्या असतात, त्याला नात्यातलं माणूस बरोबर लागतं. इकडे ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये, मला निघता येत नाही. काका येणारेत."

"कुठला काका?"

"बाबा."

"त्याला घेऊन जाण्यापेक्षा मी आंधळा होईन."

"व्हा मग," लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिरसटपणा तिनं कुठून आणला हे सांगायला नको.

बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. उतरताना पायरी चुकून थोरला धडपडला. मागून कुणीतरी दंडाला धरलं. त्यानं हिसडा देऊन हात सोडवला आणि मग कळलं की धरणारी एक परकी बाई होती. धाकटा केव्हाच खाली उतरून विड्यांच्या टपरीशी उभा होता.

तपासणीची खोली लांबोळकी होती. एका भिंतीला खुर्च्यांची रांग, रांगेत एका डोळ्याच्या वर चिकटपट्टी लावलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या शेजारी एक जांभया देणारा नातेवाईक. टोकाला टेबल, टेबलामागे सिस्टर. ही सिस्टर अंगानं भरभक्कम होती आणि तिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा होता. हळू बोललं तर म्हातारी माणसं आपल्याला हवं ते ऐकतात, असा तिचा अनुभव.

"बरोबर कोण?" तिनं विचारलं.

"शेजारच्या खुर्चीवर असतो," थोरला म्हणाला.

सिस्टरनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं एक म्हातारी झोपली होती. "ही?"

"भाऊ," धाकटा मागून म्हणाला. "सख्खा. माझा इलाज नाही."

सिस्टरनं थोरल्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि फुगा दाबला. हवा सोडता सोडता तिच्या भुवया वर गेल्या. "आजोबा, एवढं प्रेशर घेऊन कुणी डोळ्याला हात लावायचं नाही. रक्त आलं आत तर डोळा हातचा जाईल."

"आजोबा कुणाला म्हणता? आणि ते प्रेशर माझं नाही, ह्याच्यामुळे आहे."

"मग ह्यांना बाहेर बसवते."

"बसवा. शक्य तितकं लांब बसवा."

धाकटा बाहेर गेला. थोड्या वेळानं सिस्टरनं पुन्हा मोजलं. उतरलं होतं, पण पुरेसं नाही. तिनं त्याला हृदयाची पट्टी काढायला आणि मग मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. छातीवर गार चिमटे लावून घेताना थोरला म्हणत होता, "डोळ्याचं दुखणं आणि छाती कसली बघता? उद्या गुडघ्यासाठी दात काढाल." दातांचं नाव काढल्यावर तिथल्या माणसानं खरंच तोंड उघडायला लावलं. कुठं किडलेला दात, गळू, खोकला काही असेल तर आधी ते, मग डोळा. मोठ्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं.

बसथांब्यावर थोरला उसळला, समोरच्या खांबाकडे पाहून. "एक दिवस फुकट! नुसत्या खेपा घालायला लावतात. आजच्या आज उरकता येत नव्हतं यांना?"

धाकट्याचा चेहरा असा झाला, की थोरल्याला दिसला असता तर तो गप्प बसला असता.

आठवड्यानंतर पुन्हा तीच रांग. गोळ्यांनी प्रेशर ताळ्यावर आलं होतं, तरी थोरल्याचं तोंड ताळ्यावर नव्हतं. सिस्टरनं हातातलं पेन त्याच्यासमोर नाचवलं आणि प्रश्न सुरू केले, ते सगळ्या रांगेला ऐकू जातील अशा आवाजात.

"साखरेचा आजार?"

"नाही."

"दमा? खोकला? सरळ उताणं झोपता येतं? मध्येच खोकला आला तर चालणार नाही."

"मेलेल्यासारखा झोपतो."

"रक्त पातळ करायची गोळी?"

"नाही."

"लघवीच्या त्रासाची गोळी? थेंबथेंब होते, वारंवार जावं लागतं, त्याची?"

रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. थोरल्याला धाकट्याची खुर्ची अगदी पाठीशी आहे हे पाठीला जाणवलं.

"नाही," तो म्हणाला. "मी काय म्हातारा आहे?"

गोळी होती. दीडेक वर्षापासून रोज रात्री होती. पावडरच्या जुन्या डब्यात, दुकानातल्या वरच्या फळीवर. फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून मागच्या मोरीकडे पळायची पाळी आल्यावर तो गुपचूप एका डॉक्टरकडे गेला होता. लेकीलाही ते सांगितलं नव्हतं. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या पांढऱ्या केसांची, पडत्या टकलांची टिंगल केली त्यानं हे कुणाला सांगायचं? आणि ह्याच्यासमोर? मेलो तरी बेहत्तर.

सिस्टरनं त्याला पलंगावर आडवं केलं. डोळ्यात बधिर करायचा थेंब टाकला आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात बोथट सुई टेकवली. "घाबरू नका. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची एक वाट असते, ती मोकळी आहे का बघायची. वाट तुंबली असली की तिथं पू साठतो. असा डोळा उघडला तर तो पू आत जातो, की संपलं." तिनं पिचकारीतलं मिठाचं पाणी हळूच सोडलं. "घशात खारट लागलं का?"

"लागलं."

"नक्की? की मला बरं वाटावं म्हणून?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही करणार नाही."

सिस्टर हसली, तेवढीच एकदा. धाकटा मात्र उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याच्या टाकीची मागची बाजू होती.

मग भिंगाचा नंबर काढायचं यंत्र. हनुवटी ह्या खाचेत ठेवा, कपाळ पट्टीला टेकवा, लाल ठिपक्याकडे बघा. ठिपका थोरल्याला दिसतच नव्हता, नुसता सगळीकडे लालसर धूर. तो शोधायला डोकं इकडेतिकडे करत होता. "मान हलवू नका हो!" यंत्रावरची मुलगी कावली. "किती वेळा सांगायचं? साधं स्थिर बसता येत नाही?" हे वाक्य त्यानं आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल. ऐकायला कसं लागतं ते पहिल्यांदा कळलं, आणि अजिबात आवडलं नाही.

शेवटी डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकले आणि बसवून ठेवलं. थोड्या थोड्या वेळानं सिस्टर येऊन टॉर्च मारायची आणि पुन्हा थेंब टाकायची. मागच्या खेपेच्या झोपाळू म्हातारीच्या बाहुल्या टपोऱ्या झाल्या, तिला आत नेलंसुद्धा. थोरला तिथंच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. ऑपरेशन करणार त्याच होत्या. बारीक चणीच्या, दमलेल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांनी बराच वेळ त्याच्या डोळ्यात उजेड पाडून पाहिला.

"बाहुली हवी तेवढी उघडत नाही तुमची. प्रोस्टेटची, म्हणजे लघवीची, काही गोळी घेता?"

"सिस्टरना सांगितलं की. नाही."

"कधी घेत होतात? आधी, मागं कधी?"

"एकदा नाही म्हटलं ना! मोतीबिंदू काढायचा तर काढा, नाहीतर मी चाललो. माझ्या बाकीच्या अवयवांशी तुम्हाला काय करायचंय?"

"खोटं बोलतायत हे," धाकटा दारातून म्हणाला.

थोरला वळला. समोर नुसती माणसाएवढी सावली होती.

"काय म्हणालास?"

धाकटा आत आला. त्यानं खिशातून गोळ्यांची एक रिकामी पट्टी काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "ही घेतात. रोज. वर्ष तरी झालं असेल, जास्तच."

"माझ्या डब्यात हात घातलास?" थोरला किंचाळला. "चोरा! फळीवर चढून माझ्या डब्यात हात घातलास तू?"

"घातला. आणि परत घालीन."

"बाहेर काढा ह्याला! बघा डॉक्टर, हा माणूस माझा वस्तरा कुलपात ठेवतो, माझे डबे उचकतो! मी मोरीत किती वेळा जातो ह्याच्यावर पाळत ठेवून असतो!"

"पाळत कशाला ठेवायला हवी? गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसलेलं असतं, सगळ्या दुकानाला दिसतं."

बाहेरच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. थोरल्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं ह्याला पोटात घ्यावं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरून नाव वाचलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या, ते धाकट्याला. मग थोरल्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात मायाही नव्हती. "बाहुलीभोवतीचा जो रंगीत पडदा असतो, तो ह्या गोळीनं ढिला पडतो. ऑपरेशन चालू असताना फडफडतो, आमच्या हत्याराच्या वाटेत येतो, फाटू शकतो. आधी माहीत असेल तर आम्ही बारीक आकडे लावून तो धरून ठेवतो. माहीत नसेल तर डोळा उघडल्यावर कळतं. तुमच्या डोळ्यावर मी आंधळेपणानं काम करावं अशी तुमची इच्छा आहे का?"

थोरला चाचपत खुर्चीवरून उठू लागला.

"ऑपरेशन होईल. वेळ जास्त लागेल एवढंच. बाहेर बसा."

बाहेर बाकावर त्याला उजेड सहन होत नव्हता. जी काही बाहुली उघडली होती तिच्यातून सगळा व्हरांडा पांढराफेक होऊन आत घुसत होता. त्यानं डोळ्यांवर हात धरले. धाकटा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, हे लाकूड करकरलं त्यावरून कळलं.

"चव्हाट्यावर आणलंस," थोरला दातओठ खात म्हणाला. "समाधान झालं? आता दुकानात सांग, बोर्ड लाव."

"आईच्या वेळेला मी गप्प बसलो," धाकटा म्हणाला. "तीच चूक पुन्हा करणार नव्हतो."

"आईचं नाव तुझ्या तोंडी नको."

"ऐकायचं नसेल तर कान झाक, हात डोळ्यांवर कशाला धरलेस?" धाकट्याचा आवाज बारीक आणि कडवट झाला होता. "तिच्या डोळ्यातून पाणी यायचं. सकाळी कडा चिकटलेल्या असायच्या, घाण यायची. इस्पितळाच्या दाराशी तिनं रुमालानं सगळं पुसून स्वच्छ केलं. आत बाईंनी विचारलं, आजी, डोळ्यातून पाणी, पू काही येतं का? आई म्हणाली नाही. आणि माझा हात असा दाबला, की मी तोंड उघडलं नाही. तेव्हा हे पिचकारीनं बघणं वगैरे काही नव्हतं तिथं. शंभर माणसं रांगेत. त्यांनी विश्वास ठेवला."

"मग तूच घालवलास. मी हेच म्हणत होतो इतकी वर्षं."

"हो. मीच. पण तिनं का लपवलं ते विचार."

थोरल्यानं विचारलं नाही.

"बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, सांगायचं होतंस. तर म्हणाली, परत पाठवलं असतं त्यांनी, आणि थोरल्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. तू सकाळी दारात उभा राहून काय म्हणाला होतास तिला? आठवतंय? 'पुन्हा पुन्हा खेपा घालायला कुणाला वेळ नाही, आज काय ते उरकूनच या.'"

"मी असं म्हटलं नाही."

"बरं."

"म्हटलं नाही! आता मेलेल्या बाईच्या नावावर वाटेल ते खपव. इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तिनं सांगितलं होतं, त्याला कळू देऊ नकोस, मनाला लावून घेईल." धाकटा कोरडं हसला. "तिला वाटायचं तुला मन आहे."

थोरला ताडकन उठला. एक तर मारामारी करायला, नाहीतर मोरीकडे जायला, त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. गोळी असो नसो, घाई झाली होती. तो त्या पांढऱ्या उजेडात हात पुढे करून चालू लागला आणि भिंतीवर आदळला.

"डावीकडे," बाकावरून आवाज आला. उठून आला नाही धाकटा.

थोरला डावीकडे वळला. मोरीत जाऊन त्यानं दार लावलं आणि तिथं गरजेपेक्षा बराच जास्त वेळ थांबला. 'उरकूनच या.' असं आपण म्हटलं असेल का? तो आठवून पाहत होता. त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं, दुकान उघडलं होतं एवढंच. पण गेल्या आठवड्यात बसथांब्यावर आपण काय बोललो ते आठवत होतं, अगदी शब्दन् शब्द. बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. त्यानं आतून त्याला शिवी दिली.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरनं सगळे प्रश्न पुन्हा विचारले. लघवीच्या गोळीशी आल्यावर ती मुद्दाम थांबली. थोरला छताकडे पाहत, तिच्याच इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "घेतो! रोज रात्री घेतो! आणखी कुणाला ऐकायचंय?" रांग हसली. त्यानं त्या रांगेला अशी नजर दिली, की नजर असती तर रांग उठून गेली असती.

आत आकडे लावावे लागले, वेळ लागला, एकदा पडदा फडफडलाही. डॉक्टरीणबाई हळू आवाजात कुणाला तरी काही मागत होत्या. त्याच्या तोंडावर कापड होतं आणि त्याला फक्त रंगीत पाण्यातून आल्यासारखा उजेड दिसत होता. तो मेल्यासारखा पडून राहिला. निदान एवढं तरी त्यानं खरं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आधी डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी दिसली, मग भिंत. इतके दिवस वाटली तशी ती पिवळी नव्हतीच, पांढरी होती. मग तिच्याशी टेकून उभा असलेला धाकटा. थोरला त्याच्याकडे बघत राहिला. हा इतका म्हातारा कधी झाला? गाल बसले होते, मान सुरकुतली होती.

"कलप कानामागं राहिलाय," थोरला म्हणाला. "न्हाव्याला शोभतं का हे?"

"आधी तुझ्या नाकातले केस बघ," धाकटा म्हणाला.

सिस्टरनं दोघांना बाहेर काढलं.

दिवसातून चार-पाच वेळा थेंब घालायचे होते, महिनाभर. स्वतःचे स्वतः घालायला गेलं की नेम चुकायचा, अर्धी बाटली गळ्यात. लेकीनं फोनवर फर्मान काढलं, आणि मग ते काम धाकट्याकडे आलं. घरी सकाळ-संध्याकाळ, मधल्या वेळी दुकानात. थोरल्याला त्याच्याच खुर्चीत मागं रेलवायचं, पापणी खाली ओढायची. प्रत्येक वेळी भांडण. हात धुतलेस का? धुतले. साबणानं? नाही, चिखलानं. गिऱ्हाइकांना आता डोक्यावरून निरोप न्यायचं काम उरलं नव्हतं. दोघं समोरासमोर भांडत होते, आणि ते ऐकायला मोटारवाला मास्तर कापलेला कान घेऊन दाढी नसतानाही येऊन बसायचा.

एकदा त्या मास्तरानंच जुना विषय काढला. थोरल्याला खूश करायला म्हणाला, "तुमच्या आईसारखं नाही झालं तुमचं, नशीब. तिचा डोळा तर..."

"तिच्या डोळ्याचं ह्या दुकानात बोलायचं नाही," थोरला त्याला मध्येच तोडून म्हणाला.

धाकट्याची कात्री क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली. त्या दिवसापासून ते पालुपद बंद झालं. थोरल्यानं माफी मागितली नाही, धाकट्यानं ती मागू दिली नसती. वस्तरा मात्र अजून धाकट्याच्याच खणात होता. दुसरा डोळा झाल्याशिवाय मिळणार नाही म्हणाला. त्याच्या तपासणीची तारीखही त्यानंच घेऊन ठेवली होती, थोरल्याला न विचारता. त्यावरून वेगळं भांडण झालं ते झालंच.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. थोरला खुर्चीत रेलला होता, धाकटा बाटलीचं टोपण उघडत होता.

"कुठल्या डोळ्यातून यायचं तिच्या पाणी?" थोरल्यानं विचारलं.

धाकट्यानं टोपण फळीवर ठेवलं. "उजव्या."

"मला कधी दिसलं नाही."

"तू बघायचास कुठं तिच्याकडे?"

थोरल्याच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. ते त्यानं का दिलं नाही, हे त्यालाच कळलं नाही.

"वर बघ," धाकटा म्हणाला.

"बघतोय."

थेंब गालावर पडला.

"नीट टाक की! डोळा इकडे आहे."

"मग मिटू नकोस ना सारखा. उघड."

थोरल्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत डोळा उघडला, आणि ह्या वेळी मिटला नाही.